बालशिक्षण आणि वडील माणसांचा संयम

(नभोवाणीवरील भाषण)

सकाळची वेळ असते. तीन वर्षांचा मुलगा आपल्या सदऱ्याची गुंडी काजांत घालण्याच्या खटपटींत असतो. जीभ दांतांत धरलेली, नजर खालीं खिळलेली, आणि इवलीं बोटें पुनः पुनः तीच चूक करीत असतात. आईला घाई असते. ती त्याचा हात बाजूला सारते आणि क्षणार्धांत सर्व गुंड्या लावून मोकळी होते. मुलगा रडूं लागतो. आई म्हणते, "एवढें लावून दिलें तरी रडतो आहे, हट्टी झाला आहे झालें!" सुशिक्षित घरांतून हें दृश्य नित्य घडतें आणि त्यांत कोणाला कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत बालशिक्षणाचा जो विचार जगांत झाला, त्याचें सार ह्या लहानशा प्रसंगांत सांठविलेलें आहे. आईच्या दृष्टीनें काम होतें तें गुंड्या लागण्याचें. मुलाच्या दृष्टीनें काम होतें तें गुंड्या लावण्याचें. आईचें काम झालें. मुलाचें काम मात्र त्याच्या हातून हिरावून घेतलें गेलें. तें रडणें हट्टाचें नसून त्या अन्यायाचें आहे.

लहान मूल म्हणजे रिकामें भांडें आणि शिक्षण म्हणजे त्यांत वरून ओतावयाची वस्तु, ही समजूत फार जुनी आहे. तिला मोठा धक्का दिला तो जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल ह्यांनीं. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग ह्या गांवीं त्यांनीं लहान मुलांसाठीं एक संस्था काढली आणि १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असें नांव दिलें. लोकरीचा चेंडू, लांकडी गोल, चौकोनी ठोकळे अशा वस्तु मुलांच्या हातीं द्याव्या आणि खेळतां खेळतां त्यांची वाढ व्हावी, हा त्यांचा हेतु. मुलांच्या हातीं चेंडू दिल्यानें कोणाचें राज्य बुडेल असें कोणास वाटणार नाहीं. तरी पण प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं ह्या बालोद्यानांवर बंदी घातली. ती उठली १८६० सालीं. तोंपर्यंत फ्रोबेल ह्यांना दिवंगत होऊन आठ वर्षें झालीं होतीं. पुढें ही कल्पना देशोदेशीं पसरली, परंतु पसरतां पसरतां पुष्कळ ठिकाणीं तिचें नांव तेवढें शिल्लक राहिलें. बाहेर पाटी किंडरगार्टनची, आणि आंत चार वर्षांचीं मुलें हाताची घडी व तोंडावर बोट ठेवून बसलेलीं, असा देखावा अनेक शहरांतून दिसूं लागला.

ह्या विचाराला निरीक्षणाची आणि प्रयोगाची जोड दिली ती इटलींतील डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनीं. त्यांचा जन्म १८७० चा. १८९६ सालीं त्यांनीं रोमच्या विद्यापीठांतून वैद्यकाची पदवी घेतली. त्या काळीं स्त्रीला ती मिळविणें सोपें नव्हतें. आरंभीं त्यांचा संबंध आला तो, ज्यांना त्या वेळीं मंदबुद्धि म्हणत, अशा मुलांशीं. ईतार आणि सेगँ ह्या दोघां फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांचा अभ्यास करून त्यांनीं अशा मुलांसाठीं हाताळावयाचीं साधनें तयार केलीं, आणि त्यांतील कांहीं मुलें सामान्य मुलांच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालीं. लोकांनीं नवल केलें. माँटेसरीबाई मात्र विचारांत पडल्या. हीं मुलें येथवर येऊं शकतात, तर मग धडधाकट मुलांना शाळांतून असें काय केलें जातें कीं तींही येथेंच थांबतात, असा प्रश्न त्यांना पडला.

त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची संधि त्यांना मिळाली ती एका विलक्षण कारणानें. रोम शहरांत सान लोरेंझो नांवाची एक दरिद्री वस्ती होती. तेथील पडक्या चाळी एका कंपनीनें दुरुस्त केल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागें राहिलेलीं मुलें नव्या भिंती व जिने खराब करीत. तेव्हां मुलांना एका खोलींत एकत्र ठेवावें म्हणजे भिंती तरी वांचतील, असा मालकांचा सरळ हिशेब होता. ६ जानेवारी १९०७ रोजीं ही खोली उघडली आणि तिला 'बालगृह' असें नांव मिळालें. सुमारें पन्नास मुलें तींत जमलीं. त्यांच्यावर देखरेख करण्यास जी बाई नेमली तीही कांहीं शिक्षणशास्त्रांत पारंगत नव्हती. भिंतींच्या काळजीपोटीं उघडलेल्या ह्या खोलींतून पुढें साऱ्या जगाचें लक्ष वेधून घेणारी गोष्ट निघाली.

ह्या खोलींतील साधनांपैकीं एक नीट समजून घेतलें म्हणजे बाकीच्यांची कल्पना येते. लांकडाचा एक लांबट ठोकळा असतो. त्यांत ओळीनें दहा भोंकें असून प्रत्येकांत एक एक दट्ट्या बसविलेला असतो. एक दट्ट्या जाड, दुसरा त्याहून किंचित् बारीक, अशी उतरंड असते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चिमटींत धरतां येईल अशी लहानशी मूठ असते. सर्व दट्टे बाहेर काढावयाचे, मिसळावयाचे आणि पुन्हां ज्याच्या त्याच्या जागीं बसवावयाचे, एवढाच खेळ. बारीक दट्ट्या मोठ्या भोंकांत सहज जातो. मूल पुढें सरकतें. शेवटीं मात्र एक जाड दट्ट्या हातांत उरतो आणि जें एकच भोंक रिकामें असतें त्यांत तो शिरत नाहीं. चुकलें हें मुलाला आपोआप कळतें. बाई ओरडत नाहींत, गुण कापले जात नाहींत, शेजारचें मूल हंसत नाहीं. तो दट्ट्याच निमूटपणें सांगतो, "पुन्हां पहा." शिवाय तीन बोटांच्या चिमटींत मूठ धरण्याची जी संवय हातास लागते, ती पुढें लेखणी धरण्याच्या कामीं येते, तें मात्र मुलाला सांगावें लागत नाहीं.

ह्याच दट्ट्यांशीं खेळणारी सुमारें तीन वर्षांची एक मुलगी माँटेसरीबाईंच्या पाहण्यांत आली. दट्टे काढावे, मिसळावे, बसवावे, आणि सगळे बसले कीं पुन्हां काढावे, असा तिचा क्रम चालला होता. बाईंनीं मोजण्यास सुरुवात केली. मग तिची परीक्षा पाहावी म्हणून त्यांनीं इतर मुलांना तिच्याभोंवतीं गाणीं म्हणावयास आणि हिंडावयास सांगितलें; मुलीचें लक्ष विचलित झालें नाहीं. त्यांनीं तिची खुर्ची तिच्यासकट उचलून टेबलावर ठेवली. मुलीनें ठोकळा मांडीवर घट्ट धरला आणि काम पुढें चालविलें. चाळिसांहून अधिक वेळां तो खेळ झाल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि गाढ झोपेंतून उठल्यासारखी प्रसन्न चेहऱ्यानें इकडे तिकडे पाहूं लागली. लहान मुलाचें चित्त एका जागीं ठरत नाहीं, असें सर्वजण म्हणतात. वस्तुतः तें ठरतें. मात्र त्याच्या स्वतःच्या कामावर ठरतें, दुसऱ्यानें लादलेल्या कामावर ठरत नाहीं.

आणखी एक प्रसंग असाच बोलका आहे. एके दिवशीं साधनांच्या कपाटाला कुलूप लावावयाचें शिक्षिका विसरली आणि दुसऱ्या दिवशीं यावयासही तिला उशीर झाला. येऊन पाहते तों मुलांनीं कपाट उघडून आपापल्या आवडीचीं साधनें घेतलेलीं आणि जो तो कामांत गढलेला! शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरीबाईंना तींत निवड दिसली. कोणत्या मुलाला केव्हां काय हवें आहे हें त्या मुलाइतकें दुसऱ्यास कळत नाहीं, असें त्यांनीं त्यावरून ठरविलें. तेव्हांपासून मुलांच्या हाताला पोहोंचतील अशीं बुटकीं, उघडीं कपाटें ही त्यांच्या शाळेची खूण होऊन बसली.

लिहिण्याचेंही असेंच झालें. गुळगुळीत पाटीवर खरखरीत कागदाचीं अक्षरें चिकटवून मुलांनीं त्यांवरून बोटें फिरवावीं आणि अक्षराचा ध्वनि उच्चारावा, एवढीच योजना होती. महिन्यांमागून महिने बोटें फिरत राहिलीं; आणि एके दिवशीं, खडूनें धुराड्याचें चित्र काढणाऱ्या एका मुलाच्या लक्षांत आलें कीं आपल्याला शब्दही काढतां येतो. मग काय, जमिनीवर, भिंतींवर, सांपडेल तेथें मुलें लिहीत सुटलीं! पांच वर्षांच्या आंतबाहेरचीं तीं मुलें. कोणीं त्यांचा हात धरून गिरवून घेतलें नव्हतें. हाताची तयारी आधीं झाली होती. अक्षर मागून आलें.

ह्या पद्धतीविषयीं पहिली शंका निघते ती शिस्तीची. मुलाला मोकळें सोडलें तर तें मोकाट होणार नाहीं काय? परंतु स्वातंत्र्य निराळें आणि मोकाटपणा निराळा. बालगृहांत मुलानें हवें तें साधन घ्यावें, पण काम संपल्यावर तें जागच्या जागीं ठेवावें. हवा तितका वेळ घ्यावा, पण दुसऱ्याच्या हातांतलें ओढूं नये. हिंडावें, पण दुसऱ्याच्या कामांत व्यत्यय आणूं नये, असे नियम होते. प्रत्येक साधन एकच असे. तेव्हां आपली पाळी येईपर्यंत थांबणें हें ओघानेंच आलें, आणि उपदेशाचा एक शब्दही न बोलतां समाजांत कसें वागावें ह्याचा पाठ मुलांना मिळाला. पेले कांचेचे दिलेले असत, कारण पत्र्याचा पेला पडला तरी मुलाला कांहीं कळत नाहीं. कांचेचा पेला एकदां फुटला कीं पावलें आपोआप जपून पडूं लागतात.

दुसरी शंका कल्पनाशक्तीविषयीं. अमेरिकेंतील शिक्षणशास्त्रज्ञ विल्यम किलपॅट्रिक ह्यांनीं १९१४ सालींच असा आक्षेप घेतला कीं ह्या ठराविक साधनांत मुलाच्या कल्पनेला आणि परस्परांशीं मिळून खेळण्याला पुरेसा वाव नाहीं. हा आक्षेप निराधार म्हणतां येत नाहीं. कोणतीही पद्धत पेटींत बंद होऊन आली म्हणजे पेटीची पूजा सुरू होते आणि मूल बाजूस राहतें. ह्या आक्षेपाला उत्तर मिळालें तें वादानें नव्हे, कामानें. आणि त्यांतील कांहीं मोलाचें काम भारतांत झालें.

गिजुभाई बधेका हे काठेवाडांतले वकील. मुलगा झाला तेव्हां त्याच्या शिक्षणाची चिंता त्यांना लागली, आणि त्या चिंतेंतून माँटेसरीबाईंचा ग्रंथ त्यांच्या हातीं आला. पुढें वकिली सुटली. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत ते १९१६ सालीं दाखल झाले आणि १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर उघडलें. साधनें त्यांनीं माँटेसरीबाईंचीं घेतलीं. परंतु त्यांबरोबर गोष्टी, गाणीं, नाटुकलीं, मातीकाम आणि बागकाम ह्यांनाही त्यांनीं मानाचें स्थान दिलें. मुलें त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत, आणि लोक त्यांना कौतुकानें 'मिशीवाली आई' म्हणत. १९३९ च्या जून महिन्यांत त्यांचा अंत झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरीबाई स्वतः मद्रासजवळ अड्यार येथें शिक्षक तयार करण्यासाठीं आल्या. थोडक्या महिन्यांनीं दोघांची गांठ हुकली. महायुद्धामुळें बाईंचा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला आणि त्या अवधींत शेंकडों भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखालीं शिकले.

गिजुभाईंच्या ह्या बालमंदिरांत १९२३ सालीं एक महाराष्ट्रीय विदुषी आल्या. त्या ताराबाई मोडक. मुंबई विद्यापीठाच्या त्या पदवीधर. १९२६ सालीं ह्या मंडळींनीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला. शहरांतील सुशिक्षित घरांत बालमंदिराची गोडी उत्पन्न झाली ती बहुतांशीं त्यांच्या श्रमामुळें. येथें थांबल्या असत्या तरी त्यांचें नांव राहिलें असतें. परंतु एक प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना. रोममध्यें हें शिक्षण जन्मलें तें गरिबांच्या चाळींत; मग येथें तें केवळ पैसेवाल्यांच्या मुलांचें कां व्हावें? विलायती पद्धतीचीं महाग साधनें, गुळगुळीत टेबलें, रंगीत खुर्च्या ह्यांवांचून तें चालतच नसेल, तर ज्या देशांत बहुसंख्य मुलें खेड्यांत जन्मतात, त्या देशाला त्याचा उपयोग काय?

ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं ताराबाईंनीं पन्नाशी उलटल्यावर मुंबई सोडली आणि १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षण केंद्र उघडलें. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. लहानपणींच वैधव्य आलेल्या आणि शिक्षिकेच्या पेशांत शिरलेल्या ह्या बाईंनीं पुढलें सारें आयुष्य ह्या कामाला वाहिलें. पहिला अनुभव निराशेचा होता. ज्या वस्त्यांसाठीं शाळा काढली त्या वस्त्यांतलीं मुलेंच शाळेंत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेलें, कोणी गुरांमागें गेलेलें, आणि ज्यांना समाजानें वेशीबाहेर ठेवलें होतें त्यांना शाळेची पायरी चढण्याचाच संकोच. तेव्हां मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें ताराबाईंनीं ठरविलें. शिक्षिका वस्तीवर जात, मुलांचे हातपाय धूत, केंस विंचरत, आणि कोणाच्या तरी अंगणांत वा झाडाखालीं मुलांना घेऊन बसत. अंगणांत भरणारी म्हणून ती 'अंगणवाडी'.

साधनांचें काय? पानें लहानमोठीं लावून ठेवलीं म्हणजे चढउतार कळतो. बिया आणि खडे मांडले म्हणजे संख्या कळते. समुद्रकांठचे शंखशिंपले निवडले म्हणजे आकार आणि रंग कळतात. मातीचा गोळा वळला म्हणजे बोटें तयार होतात. मूळ तत्त्व जसेंच्या तसें राहिलें आणि पेटी मात्र गळून पडली. १९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. तेथें तान्ह्यांसाठीं पाळणाघर, त्यांहून मोठ्यांसाठीं बालवाडी आणि त्यापुढें प्राथमिक शाळा अशी एकत्र सोय झाली, म्हणजे धाकट्याला संभाळणाऱ्या बहिणीलाही शिकतां यावें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. ताराबाई १९७३ सालीं गेल्या. अनुताईंनीं तें कार्य १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरपर्यंत, चालविलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें बालविकासाची जी देशव्यापी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेंच नांव मिळालें. बोर्डीच्या अंगणांतला शब्द असा देशभर गेला.

आतां हा विचार सरकारी कागदांवरही मान्य झालेला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळाप्रवेशाच्या वेळीं मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेण्यास मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षें हा पायाभूत काळ मानून खेळ आणि कृति ह्यांतूनच शिक्षण द्यावें असें सांगितलें. तथापि कायदा घराच्या उंबरठ्याच्या आंत शिरत नाहीं. तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देऊन पानेंच्या पानें गिरवून घेणें, पाहुण्यांसमोर त्याच्याकडून शंभरपर्यंत आंकडे म्हणवून घेणें, शेजारच्या मुलापेक्षां आपलें मागें पडलें म्हणून रात्रीं झोप न येणें, हे प्रकार शिकल्यासवरलेल्या घरांतच अधिक दिसतात. त्यांच्या मुळाशीं माया आहे ह्यांत संशय नाहीं. पण त्या मायेला घाईनें ग्रासलें आहे. जें बोट अद्याप मातींत, पाण्यांत, धान्यांत पुरतें फिरलेलें नाहीं, त्याला ओळीवर चालावयास लावलें तर अक्षर वळणदार होईल कदाचित्, पण मूल शिकण्याला कंटाळेल. आणि तो कंटाळा एकदां जडला म्हणजे पुढें कितीही चांगली शाळा मिळाली तरी सहजासहजीं जात नाहीं.

घरांत काय करतां येईल, ह्याला फारसा खर्च नाहीं. मुलाचा सदरा त्याला घेतां येईल अशा खुंटीवर टांगावा. लहान तांब्या आणि पेला देऊन पाणी त्यालाच ओतूं द्यावें, आणि शेजारीं एक फडकें ठेवावें, म्हणजे सांडलेलें पुसण्याचेंही काम त्याचेंच. मटार सोलावयाला, मेथी निवडावयाला, जेवणाच्या वेळीं घरांत माणसें किती तें मोजून वाट्या मांडावयाला त्याला जवळ घ्यावें. कणकेचा एक गोळा त्याच्या वांट्याचा ठेवावा. ह्यांत गणित आहे, भाषा आहे, आणि हाताची तयारीही आहे. जमिनीवर थोडें पाणी सांडेल, चार मटार पलंगाखालीं जातील, पोळी वांकडी होईल. तेवढें सोसावें.

अवघड आहे तें एवढेंच सोसणें. मुलाला मदत करणें सर्वांना जमतें. त्याला मदत न करतां, पण त्याच्यावरचें लक्ष न काढतां, शेजारीं स्वस्थ बसणें फार थोड्यांना जमतें. सान लोरेंझोच्या शिक्षिकेला तें शिकावें लागलें, बोर्डीच्या शिक्षिकांना शिकावें लागलें, आणि प्रत्येक घरांतील आईबापांनाही तें शिकावें लागतें. उद्यां सकाळीं जेव्हां तीन वर्षांचा मुलगा पुन्हां गुंडीशीं झगडत बसेल, तेव्हां आईनें पांच मिनिटें आधीं उठून ठेवलेलें असावें, आणि आपले हात पदराखालीं ठेवून पाहत राहावें. गुंडी बहुधा भलत्याच काजांत जाईल. जाऊं द्यावी. सदरा खालीं-वर झालेला पाहून चूक त्याची त्यालाच कळेल. आणि ज्या दिवशीं ती बरोबर काजांत जाईल, त्या दिवशीं त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसेल, तो कोणत्याही शाळेच्या प्रगतिपुस्तकांत लिहिलेला सांपडणार नाहीं.